मिस्टर पिमच्या सिनेमातला आवाज

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. इतक्या वर्षांत पुष्कळ घालून झाले.

काळ १९६७चा ऑक्टोबर. जागा लंडनच्या सोहोमधलं तळघरातलं एक छोटं थिएटर. रात्र नव्हती. भर दुपार होती, आणि पडद्यावर विनोदी सिनेमा चालू होता.

ज्या कोरल जेसपवर ही वेळ आली, ती माझी मेहुणी.

कोरल लंडनच्या बर्मंडसी बंदरभागातली, गोदीतल्या हमालाची पोरगी. दिसायला अशी की रस्त्यावरची माणसं वळून बघत. पण तोंड उघडलं की सगळी गोदी ऐकू यायची. त्या दिवसांत हेरांची टिंगल करणाऱ्या सिनेमांना ऊत आला होता. एक बावळट हेर, एक माथेफिरू शास्त्रज्ञ, आखूड झग्यातली एक सुंदरी. कोरल अशा दोन सिनेमांत सुंदरी झाली होती.

दोन्हींत चेहरा तिचा. आवाज डिलिस प्यूचा.

डिलिस वेल्सची. अंधाऱ्या खोलीत उभी राहून ती पडद्यावरच्या ओठांत आपला आवाज भरायची. पडद्यावर तिचं नाव कधी यायचं नाही आणि बाहेर कुणाला सांगायचीही सोय नव्हती. करारच तसा असायचा. सोहोतल्या सगळ्या सिनेमावाल्यांना तिचा आवाज ठाऊक होता, ती कुणालाच ठाऊक नव्हती.

दोघी कॅम्डनला एका खोलीत राहायच्या. भांडायच्याही सख्ख्या बहिणींसारख्या.

तिसरा सिनेमा मिस्टर पिम नावाच्या हेराचा. त्याच्या छत्रीतून गोळीऐवजी सूप उडायचं. या खेपेला कोरल अडून बसली. स्वतःच्या आवाजात बोलेन, नाहीतर नाही.

निर्माता डेस्मंड क्रॅबट्री हसला. "बोल बाई. पण प्रेक्षक तुझ्या बोलण्याला हसले पाहिजेत, तुला नाही. जमलं, तर पुढच्या सिनेमात नायिका तू."

डिलिसने तिला शिकवायला घेतलं. आणि त्याच हिवाळ्यात डिलिसचा घसा गेला.

साधं दुखणं नव्हतं. डॉक्टरांनी कोरलला बाजूला घेऊन सांगितलं.

"सोहोत बोलू नकोस," डिलिस कुजबुजली. "कामं जातील."

"अगं, कामं कसली घेऊन बसलीस..."

"शपथ घे."

कोरलने शपथ घेतली. रोज शूटिंग संपलं की ती हॉस्पिटलात जायची. डिलिसला आता कुजबुजताही येत नव्हतं. ती कोरलच्या घशावर आपली दोन बोटं ठेवायची. कोरल संवाद म्हणायची. चुकलं की बोटं हलकेच आपटायची...

टक. टक.

"हात वर, मिस्टर पिम. आणि पोट आत."

टक. टक.

"हात वर, मिस्टर पिम. आणि पोट आत."

बोटं शांत. म्हणजे जमलं.

आवाज जायच्या आधी डिलिसने तिला वचन दिलं होतं. "या सिनेमात तूच बोलशील. मी तुझ्या तोंडात पुन्हा येणार नाही."

मे महिन्यात डिलिस गेली. वेल्सला गावच्या चॅपेलमागे पुरली. सोहोतलं कुणी आलं नाही. कुणाला कळलंच नव्हतं.

ऑक्टोबरातल्या त्या दुपारी क्रॅबट्रीने तयार सिनेमा वितरकांना दाखवला. कोरल दुसऱ्या रांगेत बसली होती. हातात माझ्या बायकोचे, पॉलीनचे, हातमोजे. शकुनाचे म्हणून मागून नेलेले.

छत्रीतून सूप उडालं. वितरक खिदळले. पडद्यावर दार उघडलं. रुपेरी झग्यात कोरल उभी, हातात पिस्तूल.

तिने तोंड उघडलं...

"हात वर, मिस्टर पिम. आणि पोट आत."

सगळे हसले.

कोरल हसली नाही. तो आवाज तिचा नव्हता.

डिलिसचा होता. कुजबुजता नाही, मोडका नाही. भरलेला, गोल, जसा आजाराआधी होता तसा.

दिवे लागताच कोरलने क्रॅबट्रीला गाठलं. "माझा आवाज कुठे गेला?"

"आता हे काय? तूच तर हो म्हणालीस."

"कुणाला?"

"तुझ्या त्या वेल्सवालीला. ऑगस्टात तिचा फोन आला. म्हणाली, कोरलला स्वतःचा भरवसा वाटत नाही, मलाच करू दे असं तीच म्हणते. म्हटलं, बरं झालं. खरं सांगू का पोरी, आम्हालाही नव्हता."

"ऑगस्टात..."

"का गं? पैसे बुडवले का तुझे?"

कोरल जिना चढून वर गेली. वरच्या मजल्यावर डबिंगची खोली होती. तिथला ध्वनिमुद्रक आल्फ टिल्सली म्हातारा, सरळ माणूस. चहा पीत बसला होता.

"आल्फ, पिमच्या सिनेमाला कोण आलं होतं?"

"डिलिस. आणखी कोण येणार?"

"तुम्ही पाहिलंत तिला?"

"पाठमोरी. दिवे मालवल्यावर आली, दिवे लागायच्या आत गेली. गळ्याला काळा रुमाल. चहा ठेवला होता, तसाच राहिला. मी म्हटलं, आम्ही काय विष घालतो का चहात? हसलीसुद्धा नाही."

आल्फने कप खाली ठेवला.

"एक मात्र आहे, पोरी. बोलायच्या आधी माणूस श्वास घेतो. तो टेपवर येतो. तेवढा कापून काढण्यात माझा अर्धा दिवस जातो. नटीचा असो, राणीचा असो, श्वास असतोच."

"मग?"

"तिच्या टेपवर मला काहीच कापावं लागलं नाही."

कोरल म्हणाली, लावा.

आल्फने टेप लावली. एक वाक्य. मग शांतता. दुसरं वाक्य. पुन्हा शांतता. दोन वाक्यांमधे काहीच नव्हतं. खोकला नाही, कपड्यांची सळसळ नाही, श्वास नाही. फक्त टेपची बारीक खरखर.

वाक्यं संपली. टेप फिरतच होती...

टक. टक.

"हे मागे नव्हतं," आल्फ म्हणाला.

कोरलचा हात घशाकडे गेला. दोन गार बोटं तिथे आधीच होती. नेहमीच्याच जागी.

तिने किंचाळायला तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.

त्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडे फोन वाजला. मी जेवायला बसलो होतो. फोन पॉलीनने घेतला.

"कोण बोलतंय?" मग थोडं थांबून, "हे बघा बाई, थट्टा पुरे. कोरलला फोन द्या."

पुन्हा ऐकलं. तिचा चेहरा उतरला.

"लहानपणी आमच्या कुत्र्याचं नाव काय होतं?" तिने विचारलं.

पलीकडून नाव आलं. बरोबर आलं. पॉलीन खाली जमिनीवरच बसली.

डॉक्टरांना घशात काहीच सापडलं नाही. एकाने तर शाबासकी दिली, बर्मंडसीचा हेल छान घालवलात म्हणून. मिस्टर पिमचा सिनेमा बरा चालला. पुढच्या सिनेमात नायिका मात्र दुसरीच झाली. क्रॅबट्रीला कळलं की वेल्सवालीसारखाच आवाज आता कोरलचाही आहे, तेव्हा त्याने तिला काम दिलं.

डबिंगचं.

अंधाऱ्या खोलीत, दुसऱ्या पोरींच्या ओठांत. नाव नाही, बाहेर बोलायचं नाही. कोरलने बरीच वर्षं तेच केलं. कॅमेऱ्यासमोर ती पुन्हा उभी राहिली नाही.

याबद्दल ती एकदाच बोलली. आमच्या स्वयंपाकघरात, रविवारी जेवणं झाल्यावर. ती बशा धूत होती, पॉलीन पुसत होती, मी दारात उभा होतो.

"चोराने चोरलं असतं तर एवढं लागलं नसतं," ती म्हणाली. "मी रोज जाऊन बसत होते तिच्यापाशी. तिने शपथ घे म्हटलं, मी घेतली, पाळली. ती गेली हे कुणाला सांगितलं असतं, तर तिला त्या खोलीत कुणी आत घेतलं असतं का? मीच तिला घसा धरू दिला, पॉलीन. तिने तो सोडलाच नाही."

पॉलीन रडायला लागली. मला रडू आलं नाही. मी ऐकत होतो.

तक्रार कोरलची होती. आवाज डिलिसचा होता. एवढं सगळं ती सलग बोलली...

आणि मधे एकदाही श्वास घेतल्याचं मला ऐकू आलं नाही.