मृणालवर राज्य

सन २०६१. भुसावळच्या एका शाळेत भलतंच कोडं पडलं होतं. तिथे खेळाच्या तासाला प्रत्येक मुलाच्या मनगटावर उमेदपट्टा (खेळायची ओढ किती आहे, ते रंगाने दाखवणारी पट्टी) असायचा. ओढ वाटली की नारिंगी, मन खट्टू झालं की निळा. आणि पाचवीतल्या मृणाल भंगाळेसाठी टाळ्या वाजल्या, की तिचा पट्टा हटकून निळा! बिघडला असेल म्हणून तीनदा बदलून पाहिला. छे! निळा तो निळाच.

मृणालच्या डाव्या पायात जन्मापासून बळ नव्हतं, ती कुबडीवर चालायची. पकडापकडीत ती कायमची लिंबूटिंबू. तिला कुणी पकडायचं नाही, तिच्यावर कधी राज्य यायचं नाही. चार पावलं चालली की अहिरराव सर सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावायचे. सर भला माणूस हो! तिला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी शाळेतली लंगडीसुद्धा बंद करून टाकली होती. पण खेळाचा तास आला की या पोरीच्या पोटात दुखायला लागतं, हे त्यांना कुठे ठाऊक होतं?

त्या दिवशी ती भिंतीशी बसून मुसमुसत होती. शाळेचा यंत्रमानव डबडू घरंगळत जवळ आला आणि दोन्ही मुठी पुढे करून म्हणाला, "खडा कुठल्या मुठीत?"

"डाव्या."

"चुकलीस!"

तीनदा चुकली, तरी डोळे पुसून चौथ्यांदा पुढे सरकली. मग डबडूने मूठ उघडीच धरली. "आता सांग."

"दिसतोय की! यात कसली मजा?"

"तेच तर! आपल्या मेंदूत डोपामीन (उमेद जागवणारं रसायन) असतं. जमेल की फसेल, अशी धाकधूक असली की ते उसळतं. फसायची सोयच नसेल, तर मेंदू म्हणतो, मग मी कशाला उठू? तुझ्यापुढे सगळेजण मूठ उघडी धरतात, मृणाल."

तिला हुंदका आवरेना. "या शाळेत येऊन दोन वर्षं झाली रे डबडू. एकदा तरी कुणी मला पकडावं."

मागे सर उभे होते. त्यांचा चेहरा पार उतरला. "चुकलंच माझं, पोरी," ते म्हणाले. "आज काय खेळायचं, तू सांग."

"लंगडी."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"तुम्ही सगळ्यांनी लंगडी घालायची, मी कुबडीवर. होऊ दे बरोबरी!"

तिची मैत्रीण तेजल हिच्यावर राज्य होतं. मृणालने तिला दोनदा हुलकावणी दिली. तिसऱ्यांदा मात्र कोपऱ्यात सापडली. तेजलने हात उगारला, आणि सवयीने मागे घेतला. "जाऊ दे, बिचारी."

"लाव ना हात!" मृणाल ओरडली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "लाव म्हणते ना!"

तेजललाही रडू फुटलं. तिने मृणालच्या खांद्याला हात लावला.

"मृणालवर राज्य!" पोरं ओरडली आणि लंगडी घालत पांगली.

रडत रडतच मृणाल त्यांच्यामागे सुटली, मनगटावरचा पट्टा नारिंगी झालेला. घंटा होईपर्यंत एकही जण तिच्या हाती लागला नाही.

"उद्या नव्याने डाव मांडू," तेजल म्हणाली.

"मुळीच नाही," मृणालने बाहीला नाक पुसलं. "उद्याही राज्य माझ्यावरच."