हेवामुक्त वाटप

सहवाहक संघाच्या नियंत्रण कक्षात पायताण बाहेर काढूनच जायचा नियम होता. मल्लिनाथ हत्तुरे त्या सकाळी बुटांसकट आत शिरला, आणि आत बसलेल्या चौघा तंत्रज्ञांपैकी कुणाचीही त्याला अडवायची हिंमत झाली नाही.

समोरची सगळी भिंत म्हणजे दख्खनचा नकाशा होता. त्यावर संघाच्या गाड्या हिरव्या ठिपक्यांच्या रूपात सरकत होत्या. सोलापूर, लातूर, कलबुर्गी, विजापूर इथल्या मध्यम आकाराच्या मालवाहतूक कंपन्या एकत्र येऊन हा संघ झाला होता. एकेकटी कंपनी देशभर पसरलेल्या बड्या कंपन्यांपुढे टिकली नसती. सगळ्यांनी मिळून मागणी घ्यायची, सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायची, असा हा सहकार होता. वाटणी माणसांच्या हातात ठेवली असती तर संघ वर्षभरात फुटला असता, म्हणून ती एका गणकयंत्राकडे दिली होती. त्याचं नाव समवाटक. ते घडवणारी गणितज्ञ, डॉ. फिरदौस इनामदार, कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत चहा पीत बसली होती.

"बाई, तुमचं यंत्र पक्षपात करतं," मल्लिनाथ उभ्याउभ्याच म्हणाला.

"बसा, हत्तुरेसाहेब. कुणाच्या बाजूने करतं?"

"रेणुका वड्डेपल्लीच्या. आणखी कुणाच्या?"

हे नाव उच्चारतानाही त्याच्या जिभेला कडू लागे. रेणुका एके काळी त्याच्याच कार्यालयात मालाची नोंदणी करायला होती. गाडीचा बांधा कसा बघायचा, चालकाशी कसं बोलायचं, कुठल्या घाटात कुठला माल न्यायचा नाही, हे सगळं त्यानेच तिला शिकवलं होतं. मग ती दोन जुन्या गाड्या घेऊन वेगळी झाली. आता हैदराबाद रस्त्यावर त्याच्या तळासमोर तिचा तळ होता. तिच्या गाड्या तळावर उभ्या म्हणून दिसत नसत. त्याच्याकडे वीस वर्षं असलेला चालक तिच्याकडे गेला, तो परत आलाच नाही. गेल्या वर्षी सभासदांनी तिला संघाची उपाध्यक्ष केलं, तेही बिनविरोध. मल्लिनाथची बायको सुवर्णा एकदा वैतागून म्हणाली होती, "जेवायला बसताना तरी त्या रेणुकाला तिच्या घरी पाठवा. रोज तिसरं ताट कुठून वाढू?"

"समवाटक काम कसं करतं, ते तुम्हाला कधी कुणी नीट सांगितलंय का?" फिरदौसने विचारलं.

"सांगा की. ऐकतो."

"दोन भावंडांत एक पोळी वाटायची असेल तर आपण काय करतो? एकाने तुकडे करायचे, दुसऱ्याने आधी उचलायचा. मग दोघांपैकी कुणालाही दुसऱ्याचा तुकडा हवासा वाटत नाही. गणितात याला हेवामुक्त वाटप म्हणतात. तुकडे सारखे असायला हवेत असं नाही. ज्याला कड आवडते त्याला कड, ज्याला मधला भाग आवडतो त्याला मधला भाग. आपला वाटा सोडून दुसऱ्याचा घ्यावा असं कुणालाच वाटलं नाही, की वाटणी न्याय्य झाली. आम्ही तेच संघाच्या सगळ्या सभासदांसाठी रोज करतो."

"पण कुणाला काय आवडतं हे यंत्राला कसं कळतं?"

"कलमापकामुळे. रोज दुपारी तुमच्यासमोर उद्याच्या मालाचा फलक उघडतो. तुमची नजर कुठे थबकते, डोळ्यातली बाहुली कधी मोठी होते, कुठल्या मालावर तुम्ही परत परत येता, हे तो मोजतो. माणूस तोंडाने खोटं बोलेल, नजरेने बोलत नाही. त्या नोंदींवरून समवाटक वाटे पाडतो. कुणाच्या वाट्याला काय गेलं, ते दुसऱ्याला सांगत नाही."

"मग मी माझ्या वाट्यावर खूश का नाही? तुमच्या गणिताप्रमाणे मला तिचा वाटा हवासा वाटायला नको. मला वाटतो."

संघाच्या घटनेत एक कलम होतं. कुणाही सभासदाला आपला वाटा दुसऱ्याशी वर्षभरासाठी बदलून मागता येत असे, आणि दुसऱ्याला नकार देता येत नसे. गणित बरोबर असेल तर असं कुणी मागणारच नाही, या खात्रीने ते घातलं होतं. आजवर कुणी मागितलंही नव्हतं.

"वाटाबदल हवाय मला," मल्लिनाथ म्हणाला.

"त्या वर्षात कलमापकाच्या नोंदी चालू राहतात, पण वाटणीसाठी वापरल्या जात नाहीत. समवाटक तुमचा वाटा तुमच्या आधीच्या नोंदींवरून पाडेल आणि तो रेणुकाताईंना देईल. त्यांचा तुम्हाला. मध्येच मागे फिरता येणार नाही."

"चालेल."

"हत्तुरेसाहेब, त्यांच्या वाट्यात काय असतं हे मला सांगता येत नाही. पण तुमच्या जागी मी असते, तर मागितला नसता."

त्याला एवढंच पुरेसं होतं. बाई घाबरली म्हणजे पाणी मुरतंय. त्याने टेबलावरच्या पट्टीवर तळहात टेकवला आणि बदल नोंदला गेला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या तळावर जो वाटा आला, तो पाहून त्याचा व्यवस्थापक हसायचाच बाकी होता. बार्शीच्या बाजूच्या शाळांची मोडकी बाकं. रिकामे प्राणवायूचे सिलिंडर. एका बंद पडलेल्या सूतगिरणीतले सूत कातायचे साचे, तेही अर्धी गाडी भरेल एवढेच. आणि सांगोल्याच्या डाळिंबाच्या बागांसाठी मधमाश्यांच्या पेट्या. चेन्नई बंदराचा माल नाही, औषधं नाहीत, मोटारींचे सुटे भाग नाहीत. जे वर्षानुवर्षं त्याच्याकडे येत होतं आणि आल्याबरोबर फिकं वाटत होतं, त्यातलं काहीच नाही.

पहिले काही दिवस तो चूक दुरुस्त होण्याची वाट पाहत राहिला. मग फिरदौसला फोन लावला.

"बाई, हा हिचा वाटा? हा तर गाळ आहे!"

"बदल झालाय, तेव्हा आता सांगायला हरकत नाही," ती थकल्या आवाजात म्हणाली. "तुम्ही फलकावरच्या प्रत्येक चांगल्या मालाकडे असं बघायचात, की हा दुसऱ्या कुणाला मिळाला तर तुमचं काळीज जळेल. समवाटकाचं काम कुणाचं काळीज जळू न देणं. तो ते तुम्हाला देत गेला. संघातला सगळ्यात भरघोस वाटा तुमचा होता. रेणुकाताईंची नजर फलकावर सारखी फिरते, कुठेच अडत नाही. ज्याला सगळंच चालतं, त्याला काहीही दिलं तरी वाटप हेवामुक्तच राहतं."

"म्हणजे जो समाधानी, त्याला गाळ?"

"हो. सूत्रातला हा दोष मला ठाऊक आहे. पण तक्रार करणारा कुणी नसतो, आणि तक्रार नसली की सूत्राच्या लेखी दोषही नसतो."

मल्लिनाथला खरं तर बरं वाटायला हवं होतं. इतकी वर्षं आपणच वरचढ होतो, हे त्याला गणिताने सांगितलं होतं. पण त्याच्या मनात वेगळीच ठिणगी पडली. हा गाळ उपसून तिने तळ उभा केला? माझ्या चालकाला या मोडक्या बाकांसाठी माझ्याकडून जावंसं वाटलं? काय करत होती ती, जे मला जमत नाही?

पहिल्या खेपेतच ते दिसलं. मधमाश्यांच्या पेट्या त्याच्या माणसांनी ताडपत्री घट्ट आवळून नेल्या. सांगोल्याला गाडी उघडली तेव्हा निम्म्या पेट्यांतली गुणगुण थांबली होती. मधपाळ भीमराव लवटे याने एक पेटी उघडून आत पाहिलं आणि बराच वेळ तिथेच उकिडवा बसला. रागावला नाही. एवढंच म्हणाला, "रेणुकाताईंच्या गाडीला ओली जाळी असायची."

मल्लिनाथने भरपाई दिली. पण ते वाक्य काही केल्या त्याच्या डोक्यातून जाईना. पुढच्या खेपेला तो स्वतः गाडीबरोबर गेला. त्याने ताडपत्री काढून जाळी बसवली, ती भिजत राहावी म्हणून वरून बारीक नळी सोडली. रेणुकाची जाळी एकपदरी असल्याचं त्याने भीमरावकडून काढून घेतलं होतं, म्हणून त्याने दुपदरी लावली. मोडक्या बाकांचंही तसंच. ती बाकं रेणुका जशीच्या तशी भंगारात पोचवायची, असं त्याला कळलं. मग त्याने तळावर सुतार बसवले आणि धड बाकं परत शाळांना धाडली.

रोज दुपारी फलक उघडला, की तो असला उरलासुरला माल हुडकून काढी. यातलं काय तिने नेलं असतं? कसं नेलं असतं? सिलिंडर आडवे की उभे? तो एकेका ओळीवर खिळून राही. बंदराच्या मालाकडे पाहायला त्याला सवड उरली नव्हती.

पावसाळा सरल्यावर एका दुपारी रेणुका त्याच्या तळावर आली. पूर्वी ती यायची तेव्हा दारातूनच "अण्णा, चहा सांगा" म्हणून हाक मारायची. या वेळी ती न बोलता खुर्चीवर बसली. वाळली होती.

"अण्णा, तुम्हाला रोज हे मिळत होतं?"

"काय?"

"हा माल. महिन्याचे महिने ठरलेला, भरल्या गाडीचा. मला वाटायचं, सगळ्यांचंच माझ्यासारखं चाललंय. मी म्हणायची, संघ आहे, सगळे मिळून ओढतोय." तिने मान खाली घातली. "माझ्या पोरांनी त्या अर्ध्या गाड्या भरता भरता जिवाचं रान केलं, आणि रस्त्याच्या पलीकडे तुम्ही..."

"मला तरी कुठं माहीत होतं?"

"आता मला झोप लागत नाही. फलक उघडला की वाटतं, यातलं लातूरवाले किती नेतात, कलबुर्गीवाले किती नेतात. वर्ष संपलं की हे सगळं तुम्हाला परत जाईल, या विचाराने रात्री उठून हिशेब मांडत बसते. असं मला कधी होत नव्हतं." ती उठली. दारात थांबून म्हणाली, "पेट्या नीट नेता ना?"

"तुझ्यापेक्षा नीट," तो ताडकन बोलून गेला.

तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. तिला पेट्यांचं आता काही वाटत नव्हतं. ती विचारायचं म्हणून विचारून गेली होती, आणि याचाच त्याला जास्त राग आला.

डाळिंबाचा नवा बहार धरला, तेव्हा शेवटच्या खेपेला भीमरावने पेट्यांना कान लावून पाहिलं. मग तो मल्लिनाथला म्हणाला, "अण्णा, एवढी शांत गाडी मी पाहिली नव्हती. पुढच्या वर्षी तुम्हीच या. दुसऱ्या कुणाला धाडू नका."

परतीच्या वाटेवर मल्लिनाथ गाडीत एकटाच हसत होता. तिला असं कधी म्हटलं नव्हतं, हे त्याने भीमरावला दोनदा विचारून पक्कं केलं होतं.

वर्ष संपलं. नव्या वाट्याची सकाळ उजाडली, आणि त्याच्या तळावर आले शाळांची बाकं, सिलिंडर, जुने साचे. बंदराचा सगळा माल रेणुकाकडे गेला होता.

या वेळी त्याने बूट बाहेर काढले. कदाचित फार घाईत नव्हता म्हणूनही असेल.

"बाई, बदल संपला. मग माझं मला परत का नाही?"

फिरदौसने त्याच्यापुढे दोन आलेख मांडले. "हा तुमचा कल. वर्षभर तुमची नजर याच मालावर आहे. इतकी, की मला आधी वाटलं कलमापक बिघडला. आणि हा रेणुकाताईंचा. पूर्वी सपाट होता, आता बघा कसा उसळलाय. समवाटकाने ज्याचं मन जिथे, तिथे माल दिला."

"माझं मन तिथं नव्हतं हो! मी... मी बघत होतो ती हे कसं करायची."

"कशासाठी बघताय हे नजरेत कळत नाही. किती बघताय एवढंच कळतं." तिने तळहाताची पट्टी त्याच्यापुढे सरकवली. "पण तुमचा हक्क शाबूत आहे. वाटाबदल मागा, उद्यापासून बंदराचा माल तुमचा. या खेपेला मी नको म्हणणार नाही."

मल्लिनाथने हात उचलला. पट्टीपासून वीतभर अंतरावर तो थांबला.

"मग माझा वाटा कुणाकडे जाणार?"

"अर्थातच रेणुकाताईंकडे."

"सगळा? पेट्यासुद्धा?"

"सगळा."

रेणुकाची गाडी सांगोल्याच्या बागेत शिरतेय, भीमराव पेटीला कान लावतोय आणि मान डोलावतोय, हे त्याला स्वच्छ दिसलं. तिने दुपदरी जाळी लावली तर? भीमराव तिलाही तेच म्हणाला तर?

त्याने हात मागे घेतला.

"राहू दे."

"हत्तुरेसाहेब, तुमचा तोटा होतोय. सरळ सरळ तोटा आहे."

"होऊ दे. पण त्या पेट्या तिच्याकडे जाता कामा नयेत."

तो गेल्यावर फिरदौसने त्याची तक्रार निकाली काढायला घेतली. काय शेरा द्यावा हे तिला सुचेना. तोवर समवाटकाने नव्या नोंदीवरून आपणहून तो भरला होता: सभासदाला दुसऱ्या कुणाचाही वाटा नको आहे. वाटप न्याय्य.