स्नेहबंधाची सुई

समुद्रतळावरच्या त्या खाणवस्तीत लग्न करायचं तर दोघांनाही आधी स्नेहबंधाची सुई टोचून घ्यावी लागे. साठ माणसं, तीन वर्षांचा मुक्काम आणि डोक्यावर दोन किलोमीटर पाणी. पहिल्या वस्तीत एका बाईवरून पेटलेल्या भांडणात नऊ जण मेले, तेव्हापासूनचा हा नियम. जीव पेटवणारी ओढ मेंदूतल्या एका रसायनातून येते आणि सहवासानं जडणारी माया दुसऱ्याच रसायनातून, असं शास्त्रज्ञांना आढळलं होतं. या सुईनं ओढ विझायची आणि वर्षानुवर्षांची माया आठवड्याभरात पक्की व्हायची.

पंपांवर काम करणाऱ्या इंदुमती तांडेलला दोघांनी मागणी घातली होती. दौलत सुरुंग लावणारा. त्याची नुसती चाहूल लागली तरी तिच्या छातीत धडधडायचं. पण तिच्याकडे टक लावून पाहिलं म्हणून त्यानं एकाचा जबडा मोडला होता. वामन दुरुस्ती खात्यातला, तिच्या तापात तीन दिवस उशाशी बसून राहिलेला. वस्तीच्या डॉक्टर निरंजना पागे यांनी तिला समजावलं की ओढ आज ना उद्या रक्त सांडतेच. इंदुमतीनं मन मारून वामनला होकार दिला. सुईनंतर दौलत समोरून गेला तरी तिला काही वाटेना. वामन मात्र जन्मापासून आपलाच असल्यासारखा वाटू लागला.

सात महिन्यांनी दौलतची बदली झाली. दुपारच्या जेवणाला तो निरोप घ्यायला तिच्या टेबलाशी आला आणि त्यानं तिचा हात हातात घेतला. वामननं ताट बाजूला सारलं, कमरेचा लोखंडी पाना काढला आणि दौलतच्या डोक्यात घातला. तो पडल्यावरही घालतच राहिला. कवटी फुटली, भिंतीवर रक्ताच्या चिळकांड्या उडाल्या. चौघांनी मिळून धरलं तेव्हा कुठे तो थांबला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. गोठ्यात शिरलेला साप ठेचावा तसा त्यानं तो माणूस ठेचला होता.

वामनला दवाखान्यातल्या खाटेला पट्ट्यांनी जखडलं. हे कसं झालं, असं इंदुमतीनं विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी खरं ते सांगितलं. रानउंदरांची एक जात जन्मभर जोडीनं राहते. स्नेहबंधाचं द्रव्य मूळचं त्यांच्यातलं. पण जोडी जमली की तोच गरीब नर बिळाजवळ आलेल्या परक्याला फाडून टाकतो. माया आणि राखण, दोन्ही त्या एकाच द्रव्याची कामं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"उंदरांत पाहिलं होतं. माणूस स्वतःला आवरेल असं वाटलं. आम्हाला भीती होती ती ओढीची."

"किती जणांना टोचलंय?"

"बेचाळीस."

"उतारा?"

"नाही. वामनला मात्र तुमच्यापासून दूर ठेवावं लागेल. उद्याच वर पाठवते."

डॉक्टर त्याच्या दंडात गुंगीचं औषध द्यायला वळल्या. दौलतचं फुटलेलं डोकं इंदुमतीच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. डॉक्टरांचं म्हणणं बरोबर आहे, हेही तिला कळत होतं. तरी तिनं ट्रेमधली कात्री उचलली आणि त्यांच्या मानेत खुपसली. उपसून पुन्हा खुपसली. डॉक्टर खाटेची कड धरत खाली घसरल्या आणि थोड्या वेळानं निपचित पडल्या.

इंदुमती त्यांना ओलांडून गेली आणि वामनचे पट्टे सोडू लागली. त्याच्या मनगटांवर वळ उठले होते. ते पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.