एक तारखेच्या आत

"मॅडम, योजनेची खिडकी हीच ना?"

मान वर केली, तर समोर एक चिंब भिजलेला तरुण. कपाळावरून पाणी ओघळतंय, रेशनकार्ड मात्र शर्टाच्या आत जपून आणलेलं.

"कार्ड कोरडं आहे... तुम्ही मात्र..."

"मी वाळेन हो. तात्यांचं काम झालं पाहिजे."

हा केदार. एडवणचा, पानवेलींच्या वाडीतला. त्याचे वडील भगवंततात्या वाडीत घसरून पडले होते, खुब्याचं हाड मोडलं होतं. मी मेघाली, कुंभवलीची. बोईसरच्या एका छोट्या खासगी रुग्णालयात सरकारी विमा योजनेचे कागद बघायचे.

त्याला सांगताना जीभ अडखळली... आमच्याकडे एक तारखेपासून योजना बंद होणार होती. 'आपला भाग कमी पगाराचा, म्हणून सरकार आपल्याला मुंबईपेक्षा कमी पैसे देतं,' रुग्णालय चालवणारे आमचे डॉक्टर म्हणाले होते. 'पण कृत्रिम सांधा मुंबईच्याच भावाने घ्यावा लागतो! किती दिवस खिशातून घालू?' त्यांचंही खोटं नव्हतं.

आणि आज अठ्ठावीस तारीख!

"म्हणजे तीन दिवस हायत," केदार म्हणाला. "तुम्ही सांगा, मी पळतो."

पळालाच! आधारवर 'भगवान', रेशनकार्डावर 'भगवंत', म्हणून मंजुरी अडली. तो पालघरहून प्रतिज्ञापत्र करून आला. मग एक्स-रे अस्पष्ट ठरला. मी डबा तसाच ठेवून योजनेच्या कार्यालयात कागद तपासणाऱ्या डॉक्टरांना फोनवर फोन लावले. तीस तारखेच्या संध्याकाळी आम्ही दोघं मंजुरीची वाट बघत एकाच स्क्रीनसमोर बसलो होतो.

"इतकं टक लावून कधी कुणाकडे बघितलं नव्हतं," तो पुटपुटला.

"स्क्रीनकडे?"

"...हो. स्क्रीनकडेच."

माझे कान तापले. आणि तेवढ्यात — मंजूर! त्याने आनंदाने माझा हात धरला... आणि दचकून सोडला.

ऑपरेशननंतर आठवड्याने तात्या वॉकर धरून चार पावलं चालले. "पोरी, तुज्यामुळे उभा हाय मी," म्हणाले. माझी खिडकी मात्र बंद झाली होती, तिच्याबरोबर नोकरीही. वॉर्डाबाहेरच्या माझ्या टेबलाचा खण मी आवरत होते.

"आता कुठे?" केदारने विचारलं.

"दोन ठिकाणी बोलावलंय. नाशिकला, नाहीतर पालघरच्या सरकारी रुग्णालयात. नाशिकला पगार जास्त आहे."

"मग नाशिकलाच..." तो थांबला. "नाय. खोटं कशाला बोलू? जाऊ नका, मेघाली. कागदांचं काम कधीच संपलंय, तरी मी रोज ह्या टेबलाशी येतो. तुम्ही आवडता मला."

औषधांची ट्रॉली खडखडत आमच्यामधून गेली. ती वळल्यावर मी खण बंद केला.

"एडवणहून पालघरला एसटीला किती वेळ लागतो?"

"तासभर. का?"

"रोजचं जाणं-येणं जमेल का... बघत होते."

त्याला कळायला क्षणभर लागलं. मग तो असा काही हसला, की आतल्या खाटेवरून तात्यांनी हाक मारली, "काय रे, आज घरी सोडतात काय आपल्याला?"