निजलेल्या गाठी

सूक्ष्मवेधक यंत्राने दिलेला निष्कर्ष डॉ. विशाखा तांडेल यांनी दोनदा वाचला. यंत्र त्यांनीच घडवलेलं. समोर बसलेली चंद्रभागा मोकल ही कबड्डीची प्रशिक्षक, वय शेहेचाळीस, ठणठणीत.

“शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर मी सही करणार नाही, डॉक्टर. आधी मला झालंय काय ते सांगा.”

विशाखाला खोटं बोलवेना. “स्तनात कर्करोगाच्या दहा-बारा पेशींचा पुंजका आहे. तो जन्मभर निजून राहील की जागा होईल, हे माझ्या यंत्राला कळत नाही.”

“तांडेल!” केंद्राचे संचालक डॉ. अच्युत बर्वे दारातूनच गरजले. “पुंजका दिसला की आठवड्यात स्तन काढायचा, हा नियम आहे. म्हणून तर आपले सत्त्याण्णव टक्के रुग्ण बरे होतात!”

“सर, जाळ्याची भोकं बारीक केली की मासळी जास्त लागते. म्हणून समुद्रात मासे वाढले का? साध्या क्ष-किरण तपासणीत लाखात शंभरजणी सापडत. त्या तपासणीने काही जीव खरंच वाचले. आता माझ्या यंत्राने चारशे सापडतात. पण मरणाऱ्या तेव्हाही बारा, आजही बाराच. मग वरच्या तीनशेजणींना आपण कशातून वाचवलं? ज्या आजारी पडणारच नव्हत्या, त्यांना आपण बरं केलं!”

“आणि हिचा पुंजका जागा झाला तर?”

“तर कापा की!” चंद्रभागा म्हणाली. “दर सहा महिन्यांनी येते, तपासा. वाढला तर मीच सांगेन, कापा म्हणून. आज नाही.”

“घाबरता तुम्ही, बाई.”

“मी? मग तुम्हीच उभे राहा ना यंत्रापुढे!”

बर्वे हसले. “अहो, मी पुरुष आहे.”

“स्तनपेशी पुरुषालाही असतात, सर,” विशाखा म्हणाली. “आणि नियमात बाई हा शब्द कुठेच नाही.”

बर्वे ऐटीत उभे राहिले. यंत्र घुमलं, थांबलं. पडद्यावर अक्षरं उमटली : डावी बाजू, नऊ पेशींचा पुंजका. शस्त्रक्रिया मंगळवारी, सकाळी नऊ वाजता.

बर्व्यांचा हात नकळत छातीवर गेला.

“हा... हा फारच लहान आहे, तांडेल. एवढ्यासाठी कापाकापी कशाला? सहा महिने लक्ष ठेवू.”

विशाखाने चंद्रभागेचं सही न झालेलं संमतिपत्र त्यांच्यापुढे सरकवलं.

“हेच वाक्य इथे लिहा, सर. आणि खाली सही करा.”