उपाशीपोटीचं रीडिंग

या मोहिमेत सगळ्यांत मोठी कमाई होणार होती ती सरांची. औषधशास्त्राचे हे प्राध्यापक वर्षभरात निवृत्त होणार होते, आणि एका रानवेलीच्या मुळीने त्यांच्या प्रयोगशाळेत कमाल केली होती. उंदरांची साखर उतरवली, काचेच्या बशीतल्या कर्करोगाच्या पेशी मारल्या! पण सुकी मुळी संपली. ताजी मिळाली की सरांचं नाव थेट पाठ्यपुस्तकात. हाताखालच्या भाचीला डॉक्टरेट. वाट दाखवणाऱ्या वैदू आजीला काय मिळणार, हे कुणी विचारलं नाही.

वेल उगवायची एकाच घळीत. कड्याच्या पोटातली ती अरुंद फट. दोन्ही बाजूंना ओल्या, गुळगुळीत भिंती आणि वर हातभर आभाळ.

"चार वेली ठेवा, साहेब," आजी म्हणाली.

सरांनी एकही ठेवली नाही. पहारीने शेवटची मुळी उपटली आणि वरचा दगड सुटला. धडाड्! वाट बंद! जेवणाच्या पिशव्या बाहेर, तिघं आत.

दिवसभर माती उकरून बोटं सोलली; दगड तसूभर हलला नाही. दुसऱ्या सकाळी सर मात्र खुशीत.

"अगं, कालपासून पोटात कण नाही! अस्सल उपाशीपोटी रीडिंग! आज मीच उंदीर!"

"मुळी भरल्या पोटी देतात," आजी म्हणाली. "उपाशी माणसाला मी तिचा वासही देत नाही."

"आजी, शास्त्र असं चालत नाही."

सरांनी बोटभर मुळी चावली, खिशातल्या साखर मोजायच्या यंत्राची सुई टोचली. १४२. तासाभराने ९०. "उतरतेय!" मग ५८.

"मामा, सकाळची मधुमेहाची गोळी घेतलीत?"

"घेतली की. नेमाने."

"मग हा उतार मुळीचा की गोळीचा?"

तोवर सरांना घाम फुटला, जीभ जड झाली. साखर होती दगडापलीकडे, आजीच्या चहाच्या डब्यात. दहा पावलांवर!

माती उकरल्यामुळे आता पहारीने दगड जेमतेम उचलला गेला असता, पण टेकू हवा होता. आतले धोंडे ठिसूळ. लाकडासारख्या मुळ्यांनी गच्च भरलेलं पोतं तेवढं सरांच्या कुशीत.

"हात लावू नकोस! माझी तीस वर्षं आहेत यात!"

"आणि मामी माझ्या नावाने खडे फोडेल, त्याचं काय?"

हिसकावलं! आजी पहारीवर आडवी पडली. दगड कुरकुरला. पोतं आत गेलं. भाची पोटावर सरपटत बाहेर पडली, डबा घेऊन परतली, मूठभर साखर मामांच्या तोंडात कोंबली. थोड्या वेळाने तिघं एकेक करून निसटले. शेवटचे सर, तेही उलटे वळून पोतं ओढू लागले.

"ओढा हो," आजी म्हणाली, "पण आधी पाय बाहेर घ्या."

पाय निघाले तोच दगड बसला. पोत्याचा भुगा, तोही दगडाखाली चिखलात!

सरांनी पाठ्यपुस्तकातली ओळ गमावली. गोळीच्या घोळातला ५८ चा आकडा भाचीने स्वतःच खोडला, आणि त्याबरोबर आपली डॉक्टरेटही. आजीचं नुकसान दोन दिवसांनी तिच्या ओट्यावर दिसलं. दर आठवड्यासारखे साखरेचे एकोणीस रोगी मुळीसाठी येऊन बसले होते. आजीने एकेकाला रिकाम्या हाताने परत पाठवलं. मोहिमेला न गेलेल्या त्या एकोणीस जणांनीच सगळ्यांत जास्त किंमत मोजली.