सोललेले मटार

“आमची सून घरात आहे की नाही, तेसुद्धा कळत नाही हो,” सासूबाई शेजारणीला कौतुकाने सांगत होत्या.

दाराआडच्या सुनेने ते ऐकावं म्हणून त्या बोलत नव्हत्या, पण तिला ऐकू आलं. आणि आधी बरंच वाटलं. नव्या घरात भांड्याला भांडं लागू न देता वावरायचं, हे ती माहेराहून शिकूनच आली होती.

मग एकदा जेवताना तिचं ताट मांडायचं राहिलं. सगळे हसले, तीही हसली. पुन्हा राहिलं तेव्हा कुणी हसलं नाही, कारण कुणाच्या लक्षातच आलं नाही. एकदा ती कपाट आवरत असताना नवरा खोलीत आला, नेमकं तिच्या चेहऱ्याकडे बघत त्याने दिवा मालवला आणि निघून गेला. अंधारात तिच्या हातात त्याचाच सदरा होता. लक्ष नसेल, तिने स्वतःची समजूत घातली.

खाली रस्त्याच्या वळणावर एक म्हातारी गोणपाट अंथरून मटार सोलून विकायची. सून रोज तिच्याजवळून जात होती. दिसली मात्र आताच. पाठ पार वाकलेली, बोटं चाललेली, दाणे टपटप पडताहेत, नजर रस्त्यावर. आणि आवाज असा, की चालती माणसं दचकून बाजूला व्हायची.

“सोललेऽऽ मटार!”

“आजी, या वयात एवढं ओरडता. दमत नाही?”

“दमते की. पण माझ्या हातचं खाते, कुणाच्या तोंडाकडे बघत नाही.” म्हातारी हसली. “आणि गप्प बसले तर काय होतं, बघायचंय?”

ती गप्प झाली. समोरून येणारा सायकलवाला वळला नाही. चाक गोणपाटावरून, सालांच्या ढिगावरून, म्हातारीच्या मांडीवरून सरळ गेलं... एक सालही हललं नाही. वास तेवढा आला, खूप दिवस बंद असलेल्या खोलीचा.

“सोललेऽऽ मटार!” पुन्हा हाक उठली, आणि मागून येणारी बाई ठेचकाळत सावरली. “अगं बाई, दिसलातच नाही तुम्ही!”

म्हातारीने आवाज खाली आणला. “घरी मुलं, नातवंडं, सगळं होतं. मी आपली शांत. एक दिवस त्यांनी माझ्या अंथरुणावर पेट्या रचल्या... मी त्याच अंथरुणात झोपलेली असताना. उठले नि इथे येऊन बसले. पहिली हाक तोंडातून निघायला सकाळची दुपार झाली बघ.” मग तिने सुनेकडे निरखून पाहिलं. “तुझा आवाज घरात शेवटचा कधी ऐकला गं कुणी, पोरी?”

सुनेला आठवेना.

घरी येताना तिच्या चपलेचा अंगठा तुटला. शिवायला म्हणून चपला घेऊन ती आतल्या खोलीत बसली. संध्याकाळी सगळे जेवणाच्या आमंत्रणाला निघाले.

“हिच्या चपला नाहीत इथे,” नवरा म्हणाला. “पुढे गेली वाटतं.”

ती धावत दारात आली. ‘अहो’ म्हणाली. ओठ हलले, आवाज निघाला नाही. सासूबाईंनी तिच्या खांद्यावरून हात घालून दिवा मालवला. दार लागलं. कुलपात किल्ली फिरली.

अंधार. तोच बंद खोलीचा वास. तिने घसा खाकरून पाहिला. नुसता कोरडा वारा. पावलं जिना उतरू लागली...

तेवढ्यात तिच्या मागे, अगदी जवळ, कुणीतरी श्वास घेतला.

“ओरड...” कानाशी कुजबुज आली. बाईचा आवाज, गंज चढलेला. “ओरड गं... मला नव्हतं जमलं, याच घरात.”

ती ओरडली. काय ओरडली तिलाही कळलं नाही, पण जिना घुमला. पावलं थांबली, धावत वर आली. कुलूप निघालं.

“अगं, तू आत होतीस होय!” सासूबाई धापा टाकत हसायलाच लागल्या. “केवढा तो आवाज! मला वाटलं, मटारवालीच घरात शिरली.”

“चल, उशीर होतोय,” नवऱ्याने ओशाळून तिचा हात धरला.

तिचा दुसरा हात मागे अंधारात होता. त्या हाताची बोटं कुणाच्यातरी थंडगार बोटांनी घट्ट धरून ठेवली होती.

सून जागची हलली नाही. वळूनही तिने पाहिलं नाही.

“दिवा लावा,” ती खणखणीत म्हणाली. “आम्ही दोघी आहोत.”